बारशाचे आप्पा

सोसायटीत कुणाकडे पाळणा हलणार आहे, हे डॉक्टरांच्या खालोखाल आप्पांना कळतं. आजोबांचे पेढे वाटून होतात न होतात तोच आप्पा जिना चढताना दिसतात. काखेत जाड वही आणि वहीतून डोकावणाऱ्या चिठ्ठ्या. मान आत्याचा, हे त्यांना मान्य आहे. बाळाच्या कानात कुर्र आत्यानेच करायचं. फक्त कुर्रनंतर जे नाव बाहेर पडेल ते आपल्या नजरेखालून गेलेलं असावं, एवढीच त्यांची माफक अपेक्षा असते.

असे आप्पा प्रत्येक गोतावळ्यात सापडतात. कुठे ते निवृत्त मुख्याध्यापक असतात, कुठे पोस्टातून बाहेर पडलेले, कुठे तर ते आप्पा नसून माई असतात. यांची स्वतःची मुलं मात्र हमखास संजय आणि संगीता. सगळी कल्पनाशक्ती शेजाऱ्यांसाठी राखून ठेवलेली.

पहिला सामना पत्रिकेशी होतो. आजीला नावरस अक्षरच हवं असतं आणि अवकहडा चक्र काही आजीला विचारून केलेलं नाही. बाळ आर्द्रा नक्षत्राच्या तिसऱ्या चरणात जन्मलं तर अक्षर येतं ‘ङ’. हस्ताच्या तिसऱ्या चरणात आलं तर ‘ण’. अंकलिपीत ज्या अक्षराला चित्र मिळत नाही त्यावरून नातवाला नाव कुठून मिळणार? इथे आप्पा उदार होतात. “सरळ ग घ्या आणि गणेश म्हणा. ग्रहांचं काय ते मी बघतो.” ग्रहांनी आजवर तक्रार केलेली नाही.

खरी लढाई असते ती बाळाच्या आईशी, कारण तिच्या हातात फोन असतो. तिला नाव वेगळं हवं, छोटं हवं, अमेरिकेत उच्चारता यायला हवं आणि शिवाय संस्कृत हवं. मागच्या वर्षी तिने ‘कियान’ काढलं. अर्थ म्हणे देवाची कृपा. आप्पांनी चष्मा पुसला. “सूनबाई, संस्कृतात कियान् म्हणजे किती! पोराला जन्मभर काय, भाव विचारल्यासारखी हाक मारणार?” पण कियानच राहिलं. पुढच्या बिल्डिंगमध्ये आणखी एक कियान झाला, आणि ‘वेगळं’ हा मुद्दाही निकालात निघाला.

आप्पांची कसोटी एकच आहे. नाव गच्चीवरून खाली, मैदानाच्या पार टोकाला, जेवायला बोलावताना ओरडता आलं पाहिजे. त्यातही प्रेमाच्या नव्हे, रागाच्या आवाजात. शिवाय प्रकाशचा पक्या, विनायकचा विन्या करणारे मित्र त्याचं काय करतील, हे आधीच पाहून ठेवावं. ‘अथर्वशीर्ष’ हे नाव एका उत्साही बापाने सुचवलं होतं. आप्पांनी त्याला खिडकीत उभं करून तीनदा ओरडायला लावलं. तिसऱ्या हाकेला बापाला खोकला आला आणि नाव बाद झालं. त्यात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत स्वतःचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम ठरला आहे. आईचं नाव आलं हे आप्पांना मनापासून आवडलं. मात्र फॉर्मवरचे चौकोन तेवढेच आहेत, याची ते आठवण करून देतात.

जुन्या नावांना कुणी हसलं की आप्पा चिडतात. त्यांचं स्वतःचं कागदोपत्री नाव धोंडो. आधीची मुलं जगली नाहीत की पुढच्याला धोंडो, दगडू, केरू म्हणायचं, म्हणजे यमाला वाटावं की हा केरकचरा नेऊन काय करायचंय. “हसा! धोंडो केशव कर्वे 104 वर्षं जगले. एक रियांश शंभरी गाठलेला दाखवा मला.” या युक्तिवादाला अजून सत्तर-ऐंशी वर्षं तरी उत्तर नाही. ‘नकुशा’ या नावावर मात्र ते विनोद करू देत नाहीत. 2011 साली सातारा जिल्ह्यात या नावाच्या 285 मुलींना समारंभपूर्वक नवी नावं दिली गेली. आप्पांनी ज्यात खोट काढली नाही असं ते एकमेव बारसं.

हल्ली पाळणे कमी हलतात, त्यामुळे आप्पांनी कामाचा पसारा कुत्र्या-मांजरांपर्यंत वाढवला आहे. त्यांच्या गावी हा प्रश्न सोपा होता. बैल सर्जा-राजा नाहीतर ढवळ्या-पवळ्या, तांबूस गाय तांबू, कपाळावर पांढरा ठिपका असलेली म्हैस चांदी, कुत्रा मोती. जनावर हरवलं तर नुसतं नाव सांगून वर्णन व्हायचं. आता आमच्या सोसायटीत संध्याकाळी लाडू, मस्का, चीकू, बिस्किट आणि मोमो पट्ट्याला बांधून खाली उतरतात. “कुत्री पाळलीत की फराळाचं ताट?” असं आप्पा विचारतात. “लाडू, इकडे ये” अशी हाक आली की तिसऱ्या मजल्यावरचे मधुमेही गृहस्थ अजूनही वळून बघतात.

दुसरा प्रकार त्याहून गोंधळाचा. आमच्याकडे माणसं वाघमारे, लांडगे आणि कोल्हे, तर कुत्री ऑस्कर, रोमिओ आणि सीझर. लांडगेवहिनी सीझरला घाबरतात. एका कुत्रीचं नाव हौसेने ‘नोव्हा’ ठेवलं गेलं. कुत्र्यांशी इंग्रजीतच बोलायचं हा मराठी माणसाचा जुना बाणा. दिवसभर ‘नो, नो’ ऐकणाऱ्या त्या बिचारीला कळेना, की हाक मारताहेत की हाकलताहेत. कुत्र्याचं नाव दोन अक्षरी असावं आणि त्याला देण्याच्या हुकमांसारखं ऐकू येऊ नये, असं कुत्रे शिकवणारेही सांगतात. आप्पांनी हे त्यांच्याआधी सांगितलं होतं, असं आप्पा सांगतात. नोव्हाची आता राणी झाली आहे आणि ती हाकेला येते.

वर्तमानपत्रात प्राण्यांच्या नावांची बातमी आली की आप्पांचा दिवस कारणी लागतो. 2016 साली राणीच्या बागेत पेंग्विन आले, त्यांची नावं डोनाल्ड, डेझी, पोपाय, ऑलिव्ह अशी. पुढे तिथेच जन्मलेली पिल्लं झाली ओरिओ आणि ऑस्कर. मुंबईत जन्मलेल्या पेंग्विनांना मराठी नावं द्या, अशी मागणीही 2025 मध्ये झाली. आप्पांची यादी तयारच होती: शीतल, तुषार, हिमांगी. चौथ्या मजल्यावरच्या तुषारने तेव्हापासून आप्पांना लिफ्टमध्ये घेणं सोडलं. उमरेड-कऱ्हांडल्याचा ‘जय’ हा वाघ आप्पांना एकदम पसंत, कारण ‘शोले’ त्यांनी चिकार वेळा पाहिला आहे. छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानात 2023 मध्ये बछड्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या काढल्या गेल्या, तेव्हा व्यासपीठावर राज्यातले बडे नेते होते. एका चिठ्ठीतून ‘आदित्य’ निघालं, हशा पिकला आणि बछड्याचं नाव ‘कान्हा’ ठरलं. “बछड्याला पक्ष नसतो, पण नावाला असतो,” आप्पा म्हणाले. मग सोसायटीच्या निवडणुकीत पडलेल्या उमेदवाराचं नाव त्यांनी वहीतून खोडलं. न जाणो, उद्या कुणी बोक्याला ठेवायचं.

तर तुमच्याकडे नाव ठरायचं असेल तर घाई करू नका. जन्माची नोंद नावाशिवायही होते. बारा महिन्यांच्या आत नाव फुकट घालता येतं आणि त्यानंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत मुदत असते. आप्पा संध्याकाळी सहानंतर घरीच असतात. कुत्र्यासाठी येणार असाल तर कुत्रा बरोबर आणा. त्याला पाहिल्याशिवाय ते वही उघडत नाहीत. आणि मांजरासाठी येऊ नका. मांजराला मनी म्हणा नाहीतर क्लिओपात्रा, ते येणार नाही, असा आप्पांचा अखेरचा निकाल आहे.