नाराजांचा हंगाम

नगरपरिषदेची निवडणूक आली तरी कन्हानमध्ये कोळशाचे ट्रक तसेच धावतात, धूळ तशीच उडते. वाढतात त्या फक्त नाराजांच्या दारापुढच्या चपला. तिकीट कापलेल्या भाऊंनी अपक्ष अर्ज भरला, की एरवी फोन न उचलणारे नेते कामठीकडचा पूल ओलांडून ओसरीवर हजर. "काहून रागावता जी, भाऊ? तुमच्याबिगर या वार्डात पान हालत नाही!" मग तिकीट दुसऱ्याला गेले तेव्हा कोणते पान हालले, हे विचारायचे नसते. मनधरणीत प्रश्न म्हणजे अपशकुन.

या लाडीगोडीची मुदत मात्र नियमाने बांधलेली: अर्ज मागे घ्यायच्या दिवशी दुपारी 3 पर्यंत. पावणेतीनला माणूस 'पक्षाचा आधारस्तंभ' असतो. सव्वातीनला अर्ज कायम असेल तर 'गद्दार', मागे घेतला असेल तर कोणीच नाही. जुन्या लग्नांत जावईबापू पंगतीत रुसायचे, तेव्हा निदान अंगठी तरी पदरात पडायची. इथे पडतो तो शब्द: "तुम्हाला स्वीकृत घेऊ."

हा स्वीकृत सदस्य म्हणजे मनधरणीचे घटनात्मक रूप. 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने पालिका कारभाराचे विशेष ज्ञान वा अनुभव असलेल्यांसाठी ही सोय केली. त्यांनी सभेत बसावे, बोलावे. मत मात्र देता येत नाही. विशेष ज्ञानाबद्दल आमची तक्रार नाही. कधी रुसावे, किती फुगावे आणि कितव्या चहाला विरघळावे, हे ज्ञान विशेषच म्हणायचे.

पण नळ कोरडा म्हणून पालिकेत आलेल्या बाईला कोणी आधारस्तंभ म्हणत नाही. ज्या कन्हान नदीचे पाणी नागपूर पिते, तिच्याच काठावर ती राहते, हा तिचा भूगोल झाला. राजकारणात तिला वजन नाही, कारण मागे घ्यायला तिच्याकडे अर्जच नसतो. तिला म्हणतात, "अर्ज द्या."

निष्ठावंताचेही तेच. तो रुसत नाही, म्हणून सभेनंतरच्या सतरंज्या त्याच्याच वाट्याला.

असाच एक सतरंजीवाला यंदा गुपचूप अर्ज भरून आला, चिन्ह मागितले शिट्टी. संध्याकाळीच दोन मोटारी आणि पेढ्यांचा पुडा त्याच्या बोळात. टपरीवर आम्ही विचारले, "निवडून येशील काय गा?"

"नाही जी," तो म्हणाला, "नेत्याले माझं घर मालूम पडलं, बस झालं."