बेसिनपाशी पकडलेला आरोपी

कोलशेत रोडवर रासायनिक कारखान्यांच्या जागी टॉवर उभे राहिले, टॉवरांच्या खाली डेंटल क्लिनिकं आली, तरी पोरांचे दुधाचे दात किडायचे थांबलेले नाहीत. याचं खापर चॉकलेटवर फोडायची आपल्याकडे रीत आहे. चॉकलेट बिचारं बाजू मांडत नाही. माझ्या मते ते फक्त सहआरोपी. मुख्य आरोपी रोज सकाळी बेसिनपाशी सापडतो: डाव्या हातात मोबाइल, उजव्या हातात केस पांगलेला ब्रश, घासणं समोरच्या चार दातांपुरतं, आणि मध्येच ब्रश बाहेर काढून फर्मान, ‘मागच्या दाढा नीट घास रे!’ दोन वर्षांच्या पोराला भाषा अर्धीमुर्धी येते, नक्कल मात्र पुरेपूर येते. ते फर्मान सोडून देतं आणि घासणं उचलतं.

यावर ठरलेला बचाव खानदानाचा. ‘आमच्याकडे दात मुळातच कच्चे!’ इनॅमलचे काही दोष आनुवंशिक असतात, हे कबूल. पण कीड लावणाऱ्यांतला म्होरक्या, स्ट्रेप्टोकोकस म्युटन्स नावाचा जंतू, बाळ जन्माला येताना घेऊन येत नाही. तो बहुतेक वेळा घरच्यांच्याच लाळेतून येतो. वरणभात गरम आहे का, हे आईने चाखून बघितलेल्या चमच्यातून, आजोबांनी अर्धं चावून भरवलेल्या घासातून. म्हणजे वारसा आहेच, फक्त रक्तातून न येता चमच्यातून येतो. आता चमचे वेगळे ठेवता येतील, पापे कोण थांबवणार? त्यापेक्षा आपली किडकी दाढ भरून घेणं सोपं. पण तिथे आपण लवंग दाबून दिवस काढतो, गाल सुजल्यावरच खुर्चीत बसतो, आणि पोराला धमकी काय, तर ‘घासले नाहीस तर दाताच्या डॉक्टरकडे नेईन!’

‘दुधाचेच तर आहेत, पडणारच,’ हाही एक युक्तिवाद. पडणार, पण २० पैकी मागच्या ८ दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत कामावर असतात. डोंबिवली लोकलमध्ये रुमाल टाकून जागा धरतात, तशी त्या पक्क्या दातांची जागा धरतात. रुमाल आधीच उडाला, तर शेजारचे सरकून ऐसपैस बसतात आणि हक्काचा माणूस तिरका उभा राहतो. सहाव्या वर्षी तर पहिली पक्की दाढ कुठलाही दात न पाडता मागे गुपचूप उगवते, आणि दुधाचीच समजून बापडी किडू दिली जाते.

आजी म्हणतात, ‘आम्ही राखुंडीने घासले, काय बिघडलं?’ आजी, तेव्हा साखर रेशनच्या रांगेत मिळायची. टंचाईचं श्रेय राखुंडीने लाटलं. आणि त्याच फळीवर मशेरीचीही डबी होती. टूथपेस्ट नि दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ मध्ये बंदी आली, पण घरच्या तव्यावर भाजलेल्या मशेरीला कोण पकडणार? ती काही कुणी शाळेत शिकवली नव्हती. पोरींनी आईचं बोट बघितलं, एवढंच.

एक आक्षेप मात्र रास्त आहे. घोडबंदर रोडचं ट्रॅफिक सोसून रात्री नवाला घरी टेकलेल्या माणसाने बेसिनपाशी आदर्श व्हावं, ही अपेक्षा क्रूर आहे. पण साधारण सात-आठ वर्षांपर्यंत पोराला एकट्याने दात धड घासताच येत नाहीत. कुणीतरी शेजारी उभं राहायचंच आहे, तर रिकाम्या हाताने का राहा? दोन मिनिटं ब्रश तोंडातून काढायचा नाही, एवढंच पथ्य. सोसायटीच्या ग्रुपवरचं टँकरचं भांडण तेवढ्यात काही मिटत नाही.