युनिटपंत

विजेची बिले जिन्यात वाटली जातात त्या संध्याकाळी चाळीतली बाकीची बिऱ्हाडे देय रकमेकडे पाहून कपाळाला हात लावीत असता, युनिटपंत मात्र रुपयांचा रकाना अंगठ्याखाली झाकून धरतात आणि एखाद्या शास्त्रीबुवाने पोथीतला अपपाठ हुडकावा तशा चिकित्सक मुद्रेने केवळ युनिटांचा आकडा निरखू लागतात. पैसा ही, त्यांच्या मते, दरपत्रकाच्या लहरीवर अवलंबून असणारी क्षुद्र बाब. शाश्वत असे काय ते युनिट. अशी एक वल्ली दर चाळीत असतेच. आमच्या वाट्याला आलेली जरा जास्तच अचूक आहे, इतकेच.

पंतांची हयात एका सरकारी कचेरीत पगारपत्रके तयार करण्यात गेली, आणि शक्ती व ऊर्जा यांतील जो भेद भल्याभल्या पदवीधरांना जन्मभर उमगत नाही, तो त्यांना बहुधा त्या पगारपत्रकांनीच शिकविला असावा. "वॉट ही वेतनश्रेणी," तपकिरीची चिमूट नाकाशी रोखून ते सांगतात, "आणि युनिट ही पदरात पडलेली कमाई. हजार वॉटवाला एक तास राबला की एक युनिट. शंभरवाल्याला त्याच कमाईसाठी दहा तास खपावे लागते. श्रेणी मोठी, पण गडी कामावरच आला नाही, तर त्याच्या नावे जमा काय होणार?" त्यांच्यासमोर कोणी 'ताशी किलोवॉट' म्हणाला की त्याची धडगत नसते. किलोवॉटला तासाने गुणायचे, भागायचे नव्हे. हजेरीपटावर मनुष्यदिवस मांडतात ते 'दर दिवशी मनुष्य' असे मांडतात काय, हा त्यांचा सवाल, आणि प्रतिवादीने त्यावर माफीनामा लिहून द्यावा एवढीच माफक अपेक्षा.

एवढ्यावर थांबते तर शेजारीपाजारी त्यांना सद्गृहस्थ म्हणाले असते. परंतु जगातील यच्चयावत् श्रमांचे युनिटांत रूपांतर केल्यावाचून पंतांना घास गोड लागत नाही. १५ लिटरची बादली २५ अंशांवरून ४५ वर न्यायला ३०० किलोकॅलरी, युनिटात किलोकॅलरी ८६०, म्हणजे एकतृतीयांश युनिटाहून किंचित अधिक, आणि १५०० वॉटचा रॉड असेल तर १४ मिनिटे, हे सारे स्नानाला निघालेला इसम पंचा खांद्यावर टाकून ऐकतो, आणि तोवर त्याचे पाणी निवते. इंग्लंडातील जूल हा त्यांचा आराध्यपुरुष: बिअरच्या भट्टीवाल्याचा हा मुलगा उतरत्या वजनांच्या जोरावर पाण्यात वल्ही फिरवून पाणी कितपत तापते ते मोजत राहिला, हे सांगताना पंतांचा कंठ दाटतो. जेम्स वॉटविषयी ते तितके सद्गदित होत नाहीत. वाफेची यंत्रे खपविण्यासाठी त्याने मध्ये घोडा आणला, आणि त्या घोड्यापायी आपल्याला आजन्म ७४६ ने गुणावे लागते, ही त्यांची कैफियत.

एका युनिटात ३६ लक्ष जूल. तेवढ्यात, घर्षणाची तूट न धरता, हजार लिटर पाणी ३६७ मीटर वर, म्हणजे राजाबाई टॉवरच्या चौपटीहूनही उंच चढावे. धडधाकट हमाल मात्र आठ तास घाम गाळून जेमतेम ०.६ युनिट काम उरकतो. हा आकडा सांगताना पंतांचा आवाज नकळत खाली येतो. मलाही, खरे सांगायचे तर, माडीवर कपाट चढविणाऱ्या हमालाशी आठ आण्यांवरून घातलेली हुज्जत आठवली आणि मी विषय बदलला.

एकदा गावाकडून त्यांचे मेहुणे आले. पाच एचपीची मोटर, आठ तास: पंतांनी ३७३० ला आठाने गुणून, "सुमारे ३० युनिटे, मोटर स्वतः खाईल ती निराळी," असा निवाडा दिला. मेहुणे तंबाखू मळीत म्हणाले, "दाजी, युनिटं तुम्ही म्हणता तेवढी असतीलही, पण आमच्याकडं बिल येतं एचपीवर, आन् लाईट येती रात्री दोनला." गडी कामावर येवो न येवो, श्रेणी पाहून पगार वसूल करणारा कारभार जगात असू शकतो, ही गोष्ट पंतांना दोन दिवस पचली नाही.

खरी कसोटी लागली ती स्वगृही. मीटरचा आकडा वहीतल्या बेरजेहून महिन्याकाठी दहाअकरा युनिटांनी वर जाऊ लागला, तेव्हा एका रात्री घरातील सारी बटणे बंद करवून पंत मेणबत्ती व मनगटी घड्याळ घेऊन मीटरखाली स्टुलावर उभे राहिले. पंच म्हणून मला झोपेतून उठविण्यात आले. मीटरवर ६०० फेऱ्यांना एक युनिट असे छापलेले, तेव्हा ६००० ला एका फेरीच्या सेकंदांनी भागले की वॉट हाती येतात, हे सूत्र त्यांना मुखोद्गत. काचेमागची तबकडी गोगलगाईच्या चालीने, पण निःसंशय, सरकत होती. तिच्या काठावरची खूण एकदा समोरून गेली आणि पुन्हा दिसेतो मेण पंतांच्या करंगळीवर तीनदा ओघळले. ४०० सेकंद. "१५ वॉट!" ते कुजबुजले, आणि शेजाऱ्याने तार टाकल्याची फिर्याद त्यांच्या ओठांवर आली.

तेवढ्यात देव्हाऱ्याच्या लोटलेल्या दारांच्या फटीतून तांबडा उजेड दिसला.

"अहो, तो कसला चोर!" काकू अंथरुणातूनच म्हणाल्या. "झिरोचा दिवा आहे तो. झिरो म्हणजे शून्य, म्हणून दिवाळीत तुम्हीच आणलात ना?"

१५ गुणिले २४ गुणिले ३०, पंतांनी तोंडीच हिशेब केला; पण बटणाकडे निघालेला त्यांचा हात काकूंच्या नजरेने वाटेतूनच परतविला. दुसऱ्या दिवशी मी वही चाळली, तेव्हा पंखा, इस्त्री आणि रेडिओ यांच्या खाली तांबड्या शाईत नवी नोंद पडली होती: 'देवधर्म, १०.८'.