एका साहेबांनी वापरलेला

लॅमिंग्टन रोडवर मिळणारा प्रत्येक जुना लॅपटॉप ‘एका साहेबांनी फक्त मेल बघायला वापरलेला’ असतो. हे साहेब कोण, कुणालाच ठाऊक नाही. पण मेल ते भलत्याच त्वेषाने बघत असावेत, कारण पंख्यात उशी भरेल एवढी धूळ निघते. प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास तापला की स्वतःचा वेग कमी करून जीव वाचवतो. विक्रेता म्हणतो, ‘विंडोजचं अपडेट चालू असेल.’ वाळलेली थर्मल पेस्ट खरवडून नवी लावा, असं सांगणारा दुकानात नसतो. कूलिंग पॅड विकणारा मात्र असतो.

आवाज येत नाही? जॅकमधला स्विच अडकला असेल, तर मशीनला वाटतं हेडफोन लावलेत आणि स्पीकर मौनव्रत धरतात. पिन दोनदा आतबाहेर केली की बऱ्याचदा व्रत सुटतं. नाहीच सुटलं, तर ड्रायव्हर. आणि मग ‘मदरबोर्ड गेला असेल साहेब’ हे वाक्य, जे कुठल्याही तक्रारीला चालतं.

विजेचं प्रकरण अधिक रसाळ. ६५ वॉटच्या मशीनला ४५ वॉटचा चार्जर देतात, वर विचारतात, ‘बसतोय ना?’ बसतो. फक्त जड काम काढलं की चार्जर लावूनही बॅटरी उतरत राहते. टचपॅड वर उचललं गेलं, तर मात्र खाली बॅटरी फुगलीय. मशीन लगेच बंद करा. ‘हे उंच टचपॅडचं मॉडेल आहे’ म्हणणारा विक्रेता अजून भेटायचाय. भेटेल.