शिकार, थ्री फेजवर

आफ्रिकेत शिकारीला जाणाऱ्या गोऱ्या साहेबांनी पाच जनावरं सगळ्यांत घातकी ठरवली होती: सिंह, हत्ती, गेंडा, रानम्हैस आणि बिबट्या. पायी माग काढायला गेलं की ही पाच उलटून अंगावर येतात, म्हणून त्यांना मारणाऱ्याचा मान मोठा. थिओडोर रूझवेल्ट अमेरिकेच्या अध्यक्षपदावरून उतरले आणि १९०९ मध्ये मुलाला घेऊन तिकडे गेले, तर सोबत शेकडो हमाल, तंबू आणि वाचायला पुस्तकांची पेटीसुद्धा.

या पाचांतला शेवटचा आम्हाला नारायणगावात घरपोच मिळतो. हमाल नाहीत, तंबू नाही, बंदुकीचं तर नावच नको. १९७२ च्या कायद्यानं बिबट्याच्या केसाला धक्का लावायची सोय ठेवलेली नाही. आमच्या हातात असते एक बॅटरी, आणि तीही नेमकी चार्जिंगला लावायची राहिलेली.

शिवाय आमची मोहीमच उफराटी. शिकारी घराबाहेर पडतो ते जनावर दिसावं म्हणून. आमचा माणूस पडतो तो मोटर चालू करायला, आणि जनावर दिसू नये म्हणून विहिरीपर्यंत मोठमोठ्यानं खोकत जातो. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. वेळापत्रक वीज कंपनी आम्हाला कळवते. बिबट्याला ते आधीपासून पाठ असावं, असा माझा संशय आहे.

खरं म्हणजे त्याला तरी काय नावं ठेवायची? येडगाव, माणिकडोह, वडज ही धरणं झाली, कालवे आले, कालव्यामागून ऊस आला. आडसाली ऊस शेतात जवळजवळ दीड वर्ष उभा असतो आणि बिबट्याच्या मादीला पिलं व्हायला तीन-सव्वातीन महिने पुरतात. एवढ्या मुदतीची बिनभाड्याची, बिनडिपॉझिटची जागा, दाराशी पाणी, शेजारी कुत्री, डुकरं, शेळ्या. पुण्यात आमच्या भाच्याचं लग्न होऊन इतके दिवस झाले, त्याला अजून अशी जागा मिळालेली नाही.

तर त्या आठवड्यात लाईट रात्रीची होती. मी मळ्यात चुलतभावाकडे, अप्पाकडे, जेवायला गेलो होतो. जेवण झालं आणि वहिनी म्हणाल्या, "अहो, भाऊजींना घेऊन जा सोबत." मला वाटलं, पान खायला. निघालो ते विहिरीकडे.

थंडीचे दिवस. दोन्ही बाजूंना ऊस, मधून पायवाट. पुढे अप्पा, खांद्यावर फावडं. मागे मी, खांद्यावर अप्पाची शाल. स्टार्टरची पेटी दिसायच्या बेताला अप्पा थांबला. बॅटरीच्या उजेडात पेटीच्या अलीकडे, बांधावर, दोन डोळे चमकले. मांजराचे म्हणावेत तर फार वर होते.

"हलू नको," अप्पा हळूच म्हणाला.

"हलतोय कोण!" मी म्हणालो. गुडघे हलत होते, पण ते मला विचारून हलत नव्हते.

खाली वाकू नका, पळू नका, पाठ फिरवू नका, असं वनखात्याच्या फलकावर लिहिलेलं आहे. काय करायचं तेही पुढे लिहिलेलं असणार. पण तो फलक फाट्यावर होता आणि आम्ही विहिरीवर. बिबट्या बसला होता तो अगदी निवांत, लाईनमनची वाट बघत असल्यासारखा. बॅटरी पिवळी पडत चालली. अप्पानं फावडं जमिनीवर आपटावं, असं मला मनापासून वाटत होतं. मी ते आपटावं, असं अप्पाला वाटत असणार.

अशा वेळी माणसाला नको ते आठवतं. मला आठवलं खोडद. आमच्या पूर्वेला रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या उभ्या आहेत, एकूण तीस, एकेक पंचेचाळीस मीटर व्यासाची. ८८० कोटी वर्षांपूर्वी एका दीर्घिकेतून निघालेला संदेश या दुर्बिणीनं पकडला, असं २०२३ मध्ये जाहीर झालं. आणि तिच्याच पंचक्रोशीत, दहा पावलांवर हे जनावर केव्हा येऊन बसलं, ते आम्हा दोघांच्या मिळून चार कानांना कळलं नव्हतं.

तेवढ्यात अप्पाच्या खिशात ढोलकी कडाडली.

नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. विठाबाईंचं गाव. यात्रांच्या आधी इथे फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी सुपारी द्यायला येतात. तेव्हा अप्पानं मोबाइलची रिंग म्हणून ढोलकी ठेवली, तर त्यात नवल नाही. फोन वहिनींचा होता: मोटर चालू झाली का? बिबट्यानं कान टवकारले, आमच्याकडे एकवार बघितलं, उठला आणि उसात शिरला. पानसुद्धा वाजलं नाही. ढोलकी सुरू झाल्यावर उठून जाणारा आमच्या गावचा हा पहिलाच रहिवासी.

सगळ्यांच्या गोष्टी अशा ढोलकीवर संपत नाहीत, हेही इथंच सांगायला हवं. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शेजारच्या शिरूर तालुक्यात, पिंपरखेडच्या परिसरात, लहान मुलं गेली, म्हातारं माणूस गेलं. लोकांनी पुणे-नाशिक रस्ता अडवला. कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा आम्ही लहानपणापासून बघत होतो. त्या दिवसांत तसे पट्टे घालून माणसं शेतात कामाला जाऊ लागली. दिवसा लाईट द्या, ही मागणी त्याच्याही कितीतरी आधीपासूनची.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टँडजवळच्या हॉटेलात मी गोष्ट सांगायला घेतली. पहिल्या चहाला बिबट्या दहा पावलांवर होता, दुसऱ्या चहाला पाचावर आला. पण आमच्या भागात या मालाला उठाव नाही. टोमॅटोसारखी आवकच फार. एकाच्या गोठ्यात तो म्हशीच्या शेजारी बसून होता, दुसऱ्याच्या मोटरसायकलला आडवा गेला होता, तिसऱ्याकडे तर सीसीटीव्हीचं चित्रणच होतं. माझ्याकडे पुरावा म्हणून फक्त अप्पा, आणि तो भजी खाण्यात गुंतलेला.

"पकडून लांब नेऊन सोडायला पाहिजेत सगळे," एक जण म्हणाला.

म्हणजे बदली. तोही प्रयोग झालेला आहे. आमच्याच जुन्नर तालुक्यात २००१ ते २००३ या काळात बिबटे पकडून दुसरीकडे सोडण्याचा सपाटा लागला, तेव्हा माणसांवरचे हल्ले उलट वाढले, असं विद्या अत्रेय यांच्या अभ्यासात दिसलं. अनोळखी गावी बदली झालेला कुठला कर्मचारी खूश असतो? २००९ मध्ये टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला एक म्हातारा बिबट्या वर काढला, गळ्यात माग दाखवणारा पट्टा बांधून माळशेजला सोडला. वयावरून त्याचं नाव ठेवलं आजोबा. आजोबा डोंगर उतरले, महामार्ग ओलांडले आणि सव्वाशेएक किलोमीटर चालून मुंबईच्या नॅशनल पार्कात हजर झाले. जुन्नरकराला यात काय नवीन? आमच्या दर घरातलं एक माणूस माळशेज उतरून मुंबईला गेलेलं आहे. आजोबांवर पुढे सिनेमा निघाला, एवढाच फरक.

कोपऱ्यात एक म्हातारबाबा बशीत चहा ओतून ऐकत होते. माझी गोष्ट एकदाही न तोडता त्यांनी शेवटपर्यंत ऐकली. मला बरं वाटलं. बशी खाली ठेवून ते अप्पाकडे वळले.

"ते राहू दे. भरणं झालं का?"

"कुठलं!" अप्पा म्हणाला. "दोन सऱ्या भिजल्या न भिजल्या, तोच लाईट गेली."

मग मात्र सगळं हॉटेल हळहळलं.