वॉरंटी संपलेले सर

बीडमध्ये निवृत्त माणूस दोन गोष्टींवरून ओळखला जातो: कोणत्या शाळेवर होता आणि सध्या काय दुखतंय. सरांना तिसरी ओळख आहे, ट्रेडमिलची. असे एक सर हल्ली प्रत्येक कॉलनीत सापडतात. पुण्याचा मुलगा वडिलांची शुगर वाढल्याचं फोनवर ऐकतो आणि यंत्र ऑनलाइन मागवून मोकळा होतो.

पहिलं वर्ष यंत्र ठणठणीत असतं, कारण त्यावर कोणी चढत नाही. वरचं प्लास्टिक सर काढू देत नाहीत. खोका थर्माकोलसकट माळ्यावर जातो, वॉरंटी कार्ड सातबाऱ्याच्या फायलीत. आल्यागेल्याला मात्र व्याख्यान चुकत नाही. जन्मभर इतिहास शिकवलेला. "केनेथ कूपर! 1968 साली त्याचं ‘एरोबिक्स’ आलं आणि अमेरिका पळायला लागली!" आतून काकूंचा आवाज येतो, "ती पळतीय, तुम्ही बसा."

मग वॉरंटी संपते, डॉक्टर दटावतात आणि प्लास्टिक निघतं. दोनेक महिने बरे जातात. एका सकाळी पट्टा गचका खातो, तापल्याचा वास सुटतो आणि पडद्यावर ‘ई’ अक्षराशेजारी एक आकडा उमटतो. त्या दिवसापासून कूपर बंद. आता विल्यम क्यूबिट. "अहो, 1818 मध्ये या इंग्रज इंजिनिअरनं पायचक्की काढली ती तुरुंगातल्या कैद्यांसाठी. शिक्षा होती ती! आणि आम्ही पैसे मोजून घरी आणली."

इथून सरांना खरा बहर येतो. यंत्र पोचवताना कंपनीला 431122 हा पिन कोड बिनचूक सापडला होता. मिस्त्री पाठवायचा म्हटलं की तोच पिन कोड सेवाक्षेत्राबाहेर. ही गोष्ट सर लग्नात सांगतात, दहाव्याला सांगतात, बँकेत हयातीचा दाखला द्यायच्या रांगेत सांगतात. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा त्यांना पाठ आहे: कारण घडल्यापासून 2 वर्षांत तक्रार, 5 लाखांपर्यंत फी नाही, हेल्पलाइन 1915. एक जुना विद्यार्थी वकील आहे. तो नम्रपणे म्हणाला, "सर, वॉरंटी संपलीय. दोष मुळातलाच होता हे दाखवायला तज्ज्ञाचा अहवाल लागेल."

तज्ज्ञ म्हणून मोंढ्याकडचा मोटारी भरणारा मिस्त्री गाठला. त्यानं झाकणाच्या फटीतून डोकावूनच हात जोडले. "सर, साडेसात एचपीची पाणबुडी आणा, झोपेत भरून देतो. ही डीसी हाय. हिचा बोर्ड मागवावा लागंल." बोर्डासाठी त्यानं उचल घेतली. ऊसतोडीच्या जिल्ह्यात उचल घेतलेल्या माणसाला लगेच भेटायची घाई नसते. सर रोज दुकानावर, मिस्त्री रोज दुसऱ्या गावी.

शेवटी एका रविवारी तो आला. झाकण उघडलं, धूळ फुंकली, पट्ट्याखाली बोटं घालून घासून पाहिली. बोटं कोरडी.

"याला तेल कामून दिलं नाही?"

"तेल?"

"सिलिकॉनचं. संग बारकी बाटली येती बघा."

सरांनी माळ्यावरून खोका काढला, थर्माकोलच्या खाचेतून बाटली काढली. सील जसंच्या तसं. "जपून ठेवली होती," सर म्हणाले. मिस्त्र्यानं तेल सोडलं, पट्टा थोडा सैल केला, बटण दाबलं. यंत्र सुरू. कोरड्या पट्ट्याचा भार मोटारीवर येऊन ते आपसूक बंद पडत होतं. बोर्ड शाबूत, मोटार शाबूत. उचल मात्र फिटली असं मिस्त्र्यानं जाहीर केलं.

आनंद व्हायला हवा होता. सरांचा चेहरा मात्र पडला. "एवढंच? बोर्ड एकदा उघडून बघ ना, बाबा." मिस्त्री केव्हाच पायरी उतरला होता. सरांचंही खरंच आहे म्हणा. कंपनी, कायदा, पिन कोड, क्यूबिट एवढं सगळं एका बाटलीत बुडालं.

यंत्र आता उत्तम चालतं. सर म्हणतात, आवाज येतो. मी कान लावून ऐकलंय, येत नाही. तुमच्याही घरी ट्रेडमिल असेल तर खोक्यात हात घाला आणि ती बाटली आधी शोधा. बीडला आलात तर सरांकडे चहाला जरूर जा, फक्त यंत्र दुरुस्त झाल्याचं तुम्हाला कळलंय हे दाखवू नका.