चावडी, धूळपाटी आणि ऱ्हस्व-दीर्घ

सर्वांनी मिळून संकेतस्थळ उभारायचे तर अर्धवट वस्तू लोकांपुढे ठेवावी लागते. ती पूर्ण होते लोकांच्या वैतागावर. वॉर्ड कनिंगहॅम यांनी २५ मार्च १९९५ रोजी वाचणाऱ्यालाच मजकूर बदलू देणारी पहिली विकी सुरू केली. फेब्रुवारी २००१मध्ये यूटातल्या स्नोबर्ड येथे १७ जणांनी सॉफ्टवेअर घडवण्याच्या ‘अजाइल’ पद्धतीचा जाहीरनामा लिहिला, त्यांतही ते होते. जाडजूड कागदपत्रांपेक्षा चालते सॉफ्टवेअर मोलाचे, असे हा जाहीरनामा म्हणतो. १७ जणांचे एका मजकुरावर एकमत झाले, हे मराठी मंडळांच्या कार्यकारिणीला खोटे वाटेल.

उलट्या मार्गाचे उदाहरण म्हणजे न्यूपीडिया हा ऑनलाइन ज्ञानकोश. तिथे प्रत्येक नोंद तज्ज्ञांच्या सात पायऱ्या चढून येई. २००३मध्ये प्रकल्प बंद पडेपर्यंत सुमारे २५ नोंदी वर पोहोचल्या. त्याला पूरक म्हणून १५ जानेवारी २००१ रोजी मुक्तद्वार विकिपीडिया उघडला आणि जोडधंद्याने मूळ दुकान बसवले.

मराठी विकिपीडिया १ मे २००३चा. चर्चेला तिथे चावडी आहे, सरावाला धूळपाटी आहे आणि कंटाळवाण्या कामांना सांगकाम्या नावाचे प्रोग्राम आहेत. सांगितलेले काम करून व्यासपीठावर खुर्ची न मागणारा कार्यकर्ता मराठी सार्वजनिक जीवनात एवढाच.

सहभागाचे प्रमाण जेकब नील्सन यांनी २००६मध्ये मांडले: १००पैकी ९० नुसते वाचतात, ९ अधूनमधून हात लावतात, बहुतेक काम उरलेला एक करतो. मराठीत त्या ९०मध्ये फोनवरून सूचना करणारेही धरावेत. “तुम्ही लोकांनी हे करायला हवं,” असे ते म्हणतात. ‘तुम्ही लोक’ म्हणजे तो एक.

वादांबद्दल ब्रिटिश लेखक पार्किन्सन यांनी १९५७मध्ये लिहून ठेवले आहे. समिती अणुभट्टी मिनिटांत मंजूर करते आणि सायकलींच्या छपरावर पाऊण तास घालवते, कारण छप्पर सगळ्यांना कळते. मराठीतले छप्पर म्हणजे शुद्धलेखन. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२चे, आणखी चार १९७२चे. तरी दख्खनच्या पठारावरच्या नोंदीत लाव्हारस साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिला, याला कुणाची हरकत नसते. शीर्षकात ‘दख्खन’ की ‘दक्खन’, इथे मात्र सहा कोटी वर्षेही अपुरी पडतात. ‘जावून’ लिहिणारा ‘जाऊन’ लिहिणाऱ्याला प्रमाणभाषेची दादागिरी सुनावतो. शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ, असा नियम सांगणाऱ्याला दुसरा ‘आणि’ दाखवतो. तिसरा ‘नि’ काढतो. चौथ्याला अनुस्वारांवरून गेलेली पिढी आठवते. तोवर लाव्हारस थंड होऊन त्यावर गवत उगवलेले असते, आणि नोंद दोन ओळींचीच राहते. या भांडणात फार हुशार माणसे फार मन लावून बोलतात. तेवढ्या शब्दांत अख्खा सह्याद्री लिहून झाला असता.

सहभागी मंडळींत मानी लेखक हा एक वर्ग असतो. त्याचा जवळून पाहता येईल असा नमुना म्हणजे प्रस्तुत लेखक. हा प्राणी एका खेड्याच्या नोंदीत ‘सह्याद्रीच्या कुशीत वसलेले निसर्गरम्य गाव’ असे लिहितो आणि साहित्यसेवा घडल्याच्या समाधानात झोपतो. सकाळपर्यंत वाक्यापुढे ‘संदर्भ हवा’ लागते. संध्याकाळी ‘निसर्गरम्य’ उडते. नोंदीतल्या बदलांच्या इतिहासाच्या पानावर तांबड्या आकड्यात उणे ३१ दिसते. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइटांचे, शब्दात चिन्हे १०, शिवाय एक मोकळी जागा: हिशेब चोख असतो. पानाच्या जुन्या आवृत्त्या तिथे जपलेल्या असतात, म्हणून लेखक आपले विशेषण पाहायला अधूनमधून जाऊन येतो.

बदलांच्या त्याच यादीत खाली कात्री चालवणाऱ्याचा आणखी एक बदल सापडतो. गावाची २०११च्या जनगणनेतली लोकसंख्या त्याने संदर्भासह भरलेली असते, रात्री दोनच्या सुमारास, कुणी न मागता. त्याला पगार नाही, नाव टोपण. पण त्या गावातल्या मुलीने शाळेच्या प्रकल्पासाठी आपल्या गावाबद्दल मराठीत शोधले, तर तिच्या वहीत त्याचाच आकडा उतरेल. सह्याद्रीची कूस उतरवून घेणे तिलाही जड जाईल.

मालकीचा प्रश्न शेवटी परवान्यावर येतो. जतन केलेला मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली जातो: श्रेय देऊन, तोच परवाना पुढे लावून, कुणीही तो वापरावा, बदलावा, विकावाही. ही मुभा जुन्या आवृत्तीतल्या ‘निसर्गरम्य’लाही लागू आहे. गिऱ्हाईक अजून आलेले नाही.